आनंदा भाऊजींची सही

"वैनी, गिरण बंद करा आधी. बोलायचंय."

आनंदा भाऊजी गिरणीच्या दारात उभे होते. पट्टा फिरत होता, कुणाचीतरी ज्वारी दळली जात होती. मी ओरडून म्हटलं, "बोला की, येतंय ऐकू." खरं तर गिरण चालू असताना मला काहीच ऐकू यायचं नाही. नवरा गेल्यापासून ती मीच चालवत होते आणि एवढ्या वर्षांत माणसांचे ओठ वाचायला शिकले होते. पण त्या दिवशी भाऊजींचे ओठच थरथरत होते, त्यामुळे नीट वाचता आले नाहीत.

त्यांनी स्वतःच खटका पाडला.

"बाबर मंडळी दुपारी येणार हाईत. सुपारी फोडूनच जातो म्हणालीत."

"आज? तुम्ही तर म्हणाला होता, नुसतं बघायला येतील."

"बघून झालं की देवळात. पोरगी पसंत हाय. ज्येष्ठातच उरकायचं म्हणत्यात. एकदा कोइमतूरला गेली की दिवाळीशिवाय येत न्हाईत ती माणसं."

आमच्या विट्याकडची निम्मी माणसं गलाईच्या धंद्यात. सोनं-चांदी गाळायची दुकानं टाकून देशभर पसरलेली. गावाकडं त्यांचे बंगले कुलूप लावून उभे असतात आणि लग्नं जमवायला तेवढी ती येतात. बाबर त्यातलेच, मोठं घर. माझ्या ऊर्मिलेचं त्यांच्याकडं सोनं होईल असं सगळी गल्ली म्हणत होती. सोनं करायला आधी गाळावं लागतं, हे कुणी म्हणत नव्हतं.

"आणि तिचं शेवटचं वर्ष?" मी विचारलं. ऊर्मिला सांगलीला नर्सिंगच्या पदवीला होती. तीन वर्षं झाली होती, एक राहिलं होतं.

"त्यांच्यात बायका रातपाळीला जात न्हाईत. शिकून करायचं काय? आणि एक सांगतो, बँकेचं जेवढं हाय तेवढं ते भरून टाकणार हाईत. समदं. लग्नाआधी."

"पण भाऊजी..."

"सरळ सांगतो, वैनी." त्यांनी माझ्याकडं न बघता पिठाच्या डब्यावर बोट ओढलं. "आज न्हाई म्हणालात, तर सोमवारी जाऊन मी माझी सही काढून घेणार. मग बघतो बँक शेवटच्या वर्षाची फी कशी पाठवती ती."

ते गेले. मी पुन्हा खटका वर केला, पण डब्यात ज्वारी ओतायची विसरले. दगड नुसतेच एकमेकांवर घासत राहिले. वास सुटला तेव्हा ध्यानात आलं.

त्या सहीचं सांगायला हवं. ऊर्मिला बारावी झाली तेव्हा फीचा आकडा ऐकून मी गिरणच विकायला काढली होती. भाऊजींनीच सांगितलं, शिकायला बँक कर्ज देते, स्टँडजवळच्या सरकारी बँकेत चला. त्यांचं जळक्या मोटरी रिवाइंड करायचं दुकान त्या बँकेला लागूनच, खातंही तिथलंच. आम्ही तिघं गेलो. तेव्हाच्या साहेबांनी जिथं जिथं पेन्सिलीनं फुली मारली तिथं तिथं ऊर्मिलेनं आणि मी सह्या केल्या. मग साहेबांनी भाऊजींना बोलावलं, एका जागी बोट ठेवलं, भाऊजींनीही केली. पैसा आमच्या हातात कधी आलाच नाही. दर वर्षी मागच्या वर्गाचा निकाल आणि कॉलेजचं फीचं पत्र बँकेत द्यायचं, की बँक परस्पर कॉलेजला पैसे पाठवायची. ते कागद भाऊजीच देऊन यायचे. दुकान शेजारी म्हणून.

आमच्याकडं कर्ज म्हटलं की पतसंस्था, आणि पतसंस्था म्हटलं की जामीनदार. म्हशीला कर्ज घ्या नाहीतर मोटरसायकलला, कुणीतरी जामीन राहावं लागतं. तेव्हा भाऊजींची ती सही कसली, हे कुणी कुणाला विचारलं नाही. त्यांनी ऊर्मिलेला जामीन राहून भावाचं नाव राखलं, असं सगळी भावकी म्हणाली. मीही म्हणाले. तेव्हापासून त्यांच्या घरचं दळण मी फुकट दळत होते. गिरणीमागची आमची खोली त्यांच्या जळक्या मोटरी ठेवायला दिली होती. ते आले की मी उठून उभी राहायची. दीर माझ्याहून लहान, पण सही मोठी.

घरात आले तर ऊर्मिला केस पुसत बसली होती. मी सगळं सांगितलं.

"सही काढून घेणार म्हणजे?" ती म्हणाली. "सही काय दोरीवरचा टॉवेल आहे का, वाळला की काढला?"

"जामीन आहेत ते. त्यांना भीती घालायचा हक्क आहे."

"आई, तुला मला द्यायचीय का तिकडं? तेवढं सांग. बाकीचं मी बघते."

"मला तुझं शिक्षण पुरं करायचंय."

"मग बँकेत जाऊन विचार ना. शनिवार आहे, बारापर्यंत असतात. माझा निकाल नि फीचं पत्रही देऊन टाक."

तीन वर्षांत मला हे सुचलं नव्हतं. बँकेत जाणं म्हणजे भाऊजींचं काम. मी रत्नाला, म्हणजे माझ्या जावेला, दही आणायला जाते म्हणून सांगितलं आणि निकालाचा कागद पदराखाली धरून निघाले.

कर्जाच्या टेबलावर नव्या मॅडम होत्या. मेश्राम. चंद्रपूरकडच्या, बोलणं आमच्यापेक्षा वेगळं. त्यांनी निकाल बघितला, पत्र बघितलं. "छान मार्क आहेत हो. हप्ता सोमवारी कॉलेजला जाईल."

"जाईल? पण जामीनदारानं सही काढून घेतली तर?"

"कोण जामीनदार?"

"आनंदा निकम. माझे दीर. शेजारच्या मोटरीच्या दुकानातले."

त्यांनी शिपायाकडून फाइल मागवली. पहिल्यापासून शेवटपर्यंत पानं उलटली. मग परत शेवटून पहिल्यापर्यंत. "काकू, यात जामीनदार नाहीये."

"नाही कसा? माझ्या डोळ्यांसमोर सही केलीय त्यांनी. त्या खांबाजवळच्या टेबलावर."

"चार लाखांच्या आतल्या शिक्षणकर्जाला जामीन लागतच नाही. आम्ही घेतच नाही."

"मग कुणाच्या जिवावर देता?"

"मुलीच्या," त्या म्हणाल्या. "आणि तुमच्या. ती कर्जदार, तुम्ही सहकर्जदार. तिनं नाही फेडलं तर तुमच्याकडं येणार आम्ही. दुसऱ्या कुणाकडं नाही."

मी पाणी मागितलं. माझ्या भुवयांवर पीठ असावं, कारण ग्लास तोंडाला लावला तेव्हा पाण्यावर पांढरं तरंगलं.

"मग ती सही कसली?"

त्यांनी आणखी शोधलं. मग एक पिवळट पडलेला कागद माझ्याकडं फिरवला. "हे बघा. कर्जासाठी तुमचं खातं उघडायचं होतं आणि तुमचं इथं खातं नव्हतं. तेव्हा नियम होता, नव्या माणसाची ओळख जुन्या खातेदारानं द्यायची. त्यांनी ओळख दिलीय तुमची. या बाईंना मी ओळखतो, एवढंच."

"एवढंच?"

"एवढंच."

"ती काढून घेता येते का?"

मेश्राम मॅडम हसल्या. "काढून काय करतील? आता ओळखत नाही म्हणून लिहून देतील का?"

मला हसू आलं नाही. दीर आले की उभी राहणारी मी, त्यांच्या घरच्या पूजेला तीन पायली फुकट दळून दिलेली मी. या सगळ्याच्या खाली काहीच नव्हतं. आणि त्याहून वाईट म्हणजे जे होतं ते माझ्याच नावावर होतं. साडेतीन लाखांची कर्जदार होते मी. गिरणीत गाणी म्हणत होते.

"मॅडम, तिनं शिक्षण सोडलं तर?"

"सोडलं तर हप्ते लगेच सुरू. पुरं केलं तर पुढं एक वर्ष सवलत, किंवा नोकरी लागल्यावर सहा महिने, जे आधी येईल ते. मग दर महिन्याला थोडं थोडं." त्यांनी फाइल मिटली. "शेवटच्या वर्षाला सोडायची चूक नका करू, काकू. कर्ज अख्खं राहतं नि पदवी अर्धी."

येताना मी दही आणलं नाही. वाटेवर भाऊजींना काय काय ऐकवायचं ते जुळवत आले. तीन वर्षं मिरवलीत ना सही? भावकीत मानाचं पान घेतलंत ना? माझ्या खोलीत मोटरी ठेवल्यात. आणि आज माझ्या पोरीला त्या सहीनं कोइमतूरला ढकलत होता. एक एक वाक्य असं धार लावून ठेवलं की चालताना मलाच टोचत होतं.

घरासमोर बाबरांची गाडी. ओटीवर सतरंजी, सतरंजीवर शामराव बाबर, त्यांची बायको, आणि कडक इस्त्रीतला मुलगा, अजित. पोह्यांच्या बश्या रिकाम्या झाल्या होत्या. मधे ताटात सुपारी, हळदकुंकू, नारळ. भाऊजी टोपी घालून, पाठ ताठ करून बसले होते. मी मागच्या दारानं आत जायला हवं होतं. पुढूनच गेले.

"आल्या बघा विहीणबाई," शामराव म्हणाले. "दह्याला कऱ्हाडला गेला होता काय?"

"बँकेत गेले होते."

भाऊजींनी मान वर केली. तोंडावरचा रंग बघून मला वाटलं, चोर सापडला. मला बरंच वाटलं. खरं सांगते, फार बरं वाटलं.

"ऊर्मिलेच्या कर्जाला कुणीच जामीन नाही," मी सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले. "लागतच नाही. भाऊजींनी फक्त माझी ओळख दिलीय खातं उघडायला. काढून घ्यायला तिथं काही नाहीच. कर्ज माझं नि माझ्या पोरीचं आहे."

पुढची धारेची वाक्यं जिभेवर तयार होती. पण भाऊजी म्हणाले, "नक्की?"

आवाज त्यांचा वाटेना.

"मॅडमनी फाइल दाखवली."

"वैनी, नक्की का? परत सांगा. माझं नाव कशात न्हाई?"

"ओळखीत आहे. बाकी कशात नाही."

"माझ्या दुकानावर काय न्हाई?"

"नाही."

"घरावर?"

"नाही म्हणते ना भाऊजी."

ते हसायला गेले. तोंड उघडलं आणि तसंच राहिलं. कपाळावर घाम फुटला, टोपीखालून कानापर्यंत ओघळला. मग मागचा खांब चाचपत ते तिरके झाले आणि सतरंजीवर आडवेच झाले. नारळ गडगडत ओटीखाली गेला.

"आवं!" रत्ना आतून धावत आली. "आवं, काय हुतंय? बोला की!"

मी जागची हलले नाही. हललेच नाही. मी त्यांना लाजवायला आले होते, मारायला नव्हते आले.

ऊर्मिला कधी बाहेर आली कळलं नाही. साडी नेसवून आत बसवलेली पोर, डोक्यात गजरा, पदर कमरेला खोचलेला. तिनं शामरावांच्या खांद्याला हात लावून त्यांना बाजूला केलं. सासरे होणाऱ्या माणसाला.

"सरका. हवा येऊ द्या. काकू, पायांखाली तक्क्या घाला त्यांच्या." तिनं काकांचं वरचं बटण काढलं, मनगट धरलं. मग शामरावांकडं हात पुढं केला. "घड्याळ द्या तुमचं."

"आं?"

"सेकंदकाटा आहे ना त्याला? द्या."

शामरावांनी सोन्याच्या पट्ट्याचं घड्याळ काढून दिलं. त्यांच्या बायकोनं तोंडाला पदर लावला. अजित उभा राहिला, कुठं बघावं ते न कळून नारळ शोधायला खाली वाकला.

भाऊजी डोळे मिटून पुटपुटले, "ऊर्मे, मला कायतरी..."

"बोलू नका काका. मोजतेय."

सगळी ओटी तिच्याकडं बघत होती. गलाईवाले, भावकी, मी. कोइमतूरला दोन दुकानं असलेला माणूस मनगट मोकळं करून उभा, आणि माझी पोर त्याच्या घड्याळात बघत ओठ हलवतेय.

"ठीक आहे," ती शेवटी म्हणाली. "नाडी जोरात आहे, पण एकसारखी आहे. छातीत दुखतंय? हातात? नाही ना? साखर-मीठ-पाणी आणा. आणि संध्याकाळी डॉक्टरला दाखवायचं, मी येते बरोबर."

तेव्हा रत्नाचं रडं फुटलं. माझ्याकडं बोट करून ती बोलायला लागली. "तुमचं बरं हो वैनी! तुम्ही गिरणीत गाणी म्हणता. ह्यांनी तीन वर्षं झोप बघितली न्हाई. त्या गुंडा मिस्त्रीला जामीन राहिले हुते लग्नाआधी, आठवतंय का? पतसंस्थेनं मोटरी गुंडाळायचं यंत्र उचलून न्हेलं दुकानातनं, भर बाजारात. तवापास्नं जामीन म्हणलं की अंगावर काटा येतो ह्यांच्या. तरी ऊर्मीसाठी बसले सही करायला. भाऊ न्हाई राहिला म्हणून."

"रत्ने, गप," भाऊजी म्हणाले.

"का गप? लेथ मशीन घ्यायचं हुतं, घेतलं न्हाई. एमआयडीसीत गाळा मिळत हुता, सोडला. म्हणायचे, ऊर्मीला नोकरी लागली न्हाई तर बँक आपल्या दारात येणार, तवा देणं वाढवायचं न्हाई. पोराचं क्लास बंद केलं. दर साली ते निकालाचे कागद बँकेत द्यायला जायचे, तवा आधी देवळात जायचे. ती नापास झाली न्हाई म्हणून."

मला बसावंसं वाटलं, पण बसायला जागा दिसेना. ज्याचं कर्ज नव्हतं तो माणूस तीन वर्षं जागा होता.

"साहेबांनी मला विचारलं हुतं," भाऊजी वर छताकडं बघत म्हणाले. "'तुम्ही ओळखता का यांना?' मी म्हणलं, ओळखतो म्हंजे काय, भावजय हाय माझी. 'मग करा सही.' मला वाटलं, जामीनदाराला असंच विचारत्यात."

शामराव खाकरले. चांगला माणूस होता तो, उगाच वाईट कशाला म्हणू. "हे बघा आनंदराव, जामीन कोण का असंना. आमचा शब्द तसाच हाय. कर्ज आम्ही भरू. बाईमाणूस गिरणीवर कवा फेडणार?"

मी तोंड उघडलं होतं. पण भाऊजी कोपरावर टेकून उठले. ऊर्मिलेनं पाठीला हात दिला.

"पावनं," ते म्हणाले, "मी तुम्हाला बोलावलं ते माझ्या भ्यापायी. पोरीच्या भल्यासाठी न्हाई. डोक्यावरचं उतरंल म्हणून तिला द्यायला निघालो हुतो. तुमचं घर चांगलं हाय, पोरगं चांगलं हाय. पण तिचं एक वर्ष राहिलंय."

"म्हंजे आज सुपारी न्हाई?"

"न्हाई."

"एक वर्षानं यावं काय?"

"तिला विचारा," भाऊजी म्हणाले. "कर्ज तिच्या नावावर हाय. मोठी झाली ती."

शामरावांनी तिच्याकडं बघितलं. ती अजून काकांचं मनगट धरून होती. तिनं घड्याळ त्यांच्या हातात ठेवलं. "पुढच्या वर्षी नोकरी लागली की हप्ते सुरू होतील," ती म्हणाली. "ते मी भरणार. आणि रात्रपाळीही करणार. हे चालत असेल तर या."

ते आले नाहीत. अजितनं मात्र गाडीत बसण्याआधी नारळ पुसून ओटीवर ठेवला.

पाहुणे गेल्यावर ऊर्मिला साडी बदलायला आत गेली, रत्ना चुलीपाशी. उरलेले पोहे गार झाले होते. भाऊजी सतरंजीवर बसून साखर-मिठाचं पाणी घोट घोट पीत होते. मी खांबाला धरून उभी होते, नेहमीसारखी.

"वैनी."

"हं."

"म्हंजे आता समदं तुमच्यावरच."

"माझ्यावर नि तिच्यावर."

"भ्या वाटत न्हाई?"

सकाळपासून मला एवढं कुणी विचारलं नव्हतं. साडेतीन लाख, वर व्याज. गिरणीचा पट्टा तुटला की मी पंधरा दिवस हातउसने घेते.

"वाटतंय," मी म्हणाले. "आत्ता वाटायला लागलंय."

भाऊजींनी मान हलवली. जाणत्या माणसानं हलवावी तशी. मग सतरंजीवर थोडे बाजूला सरकले, आपल्याशेजारी जागा केली आणि हातानं सांडलेले पोहे झाडले.

"बसा," ते म्हणाले. "पहिलं वरीस लई जड जातं."